कोड, कोढ आणि देगलूरचा रस्ता

पूर्णा स्थानक मागे पडले की नांदेडच्या गाडीतली बोली बदलते. तोवर ‘सामान काढतोय’ म्हणणारी माणसे ‘सामान काढून राहिलो’ म्हणू लागतात, आणि माझ्यासारखीला खिडकीबाहेर न पाहताही आपण कोठे आलो ते कळते. माझे बालपण नांदेडला गेले, नोकरी लातूरच्या शाळेत झाली आणि निवृत्तीनंतर मी मुलाकडे पुण्याला राहते. या हिवाळ्यात बऱ्याच काळानंतर तिकडे जाण्याचा योग आला. प्रयोजन साधे होते. देगलूरला राहणाऱ्या मंगल या बालमैत्रिणीला भेटायचे आणि परतताना लातूरची शाळा पाहायची. तिसरे प्रयोजन वाटेत निर्माण झाले, आणि हे लेखन मुख्यतः त्याविषयी आहे.

नांदेडला उतरल्यावर प्रथम न्याहारी केली. स्थानकाजवळच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) मिळाली. लिंबू पिळून ती खाताना आमच्या स्वयंपाकघरातील पितळी पातेले आणि त्यावरची आईची करडी नजर आठवली. नंतर रिक्षा केली. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने कार्यालय ज्या गल्लीत होते ती गल्ली मी रिक्षावाल्याला खुणांनी समजावून सांगितली.

“वो चमडी के डाक्टरां की गल्ली?” तो म्हणाला. “बैठो ना अम्मा. पहले बोलना था.”

गल्ली खरोखरच तशी झाली होती. अप्पांचे कौलारू कार्यालय नाहीसे झाले होते आणि दुतर्फा त्वचा, केस व लेझर यांच्या पाट्या लागल्या होत्या.

अप्पा सरकारी कुष्ठरोग पथकात तंत्रज्ञ होते. तंत्रज्ञ म्हणजे यंत्रे चालवणारा नव्हे. सायकलीवरून गावोगाव फिरून, घरोघरी अंगणात माणसे उभी करून, त्यांच्या अंगावरचे चट्टे पाहणारा कर्मचारी. गावकरी त्यांना ‘चट्टेसाहेब’ म्हणत. सुट्टीत त्यांच्या सायकलीच्या दांडीवर बसून मी पुष्कळ खेडी पाहिली. तपासणी दिवसाच्या उन्हात करायची, असा त्यांचा नियम होता, कारण दिव्याच्या उजेडात फिकट चट्टा नजरेला फसवतो. माणसाला डोळे मिटायला सांगायचे, पेनाच्या टोकाने अंगाला हळूच स्पर्श करायचा आणि जेथे स्पर्श जाणवला तेथे बोट ठेवायला सांगायचे. चट्ट्यावर स्पर्श झाला तरी बोट हलत नसे, तेव्हा अप्पा पेन खिशात ठेवत. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “बरं होतं हे. मी येत जाईन.” कोणी आपली म्हैसही आणून उभी करी. “साहेब, हिच्याबी पाठीवर चट्टा हाय बघा.” अप्पा म्हशीलाही नकार देत नसत.

पुढे आजार कमी झाला आणि ते स्वतंत्र पथक सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून गेले. घरोघरी शोध घेण्याच्या मोहिमा आजही होतात, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो चट्टा दिसताच सरळ अशा गल्लीत येतो. एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर तोंडाला ओढणी बांधलेली एक बाई बसली होती. मी शेजारी टेकले.

“कुठून आलात?” मी विचारले.

“हितलीच हाव मी. नांदेडचीच.”

थोड्या वेळाने तीच दबक्या आवाजात म्हणाली, “मावशी, उमरीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हते. मात्र ती आपले गाव मागे ठेवून आली होती एवढे समजले. अप्पांच्या काळी उपचार गावाकडे चालत येत. आता गाव लपवून माणूस उपचाराकडे येतो. तो बरा होतो हे खरे, परंतु तो कोणत्या घरातून आला हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. बाकावर बसून हा विचार मी शांतपणे करू शकले. दुसऱ्या दिवशी तो इतका शांत राहिला नाही.

नांदेडहून देगलूरची वाट काळ्या रानातून जाते. ज्वारी कणसात आली होती, मधूनच करडईची काटेरी पिवळी फुले दिसत होती. देगलूर तेलंगणाच्या आणि कर्नाटकाच्या तोंडाशी वसलेले गाव आहे. येथे बाजारात मराठीत भाव विचारावा, तेलुगूत तो वाढावा आणि दख्खनीत (इकडच्या उर्दू बोलीत) भांडण मिटावे, असा प्रकार आजही चालतो. मंगल बसस्थानकावर आली होती.

“कुसुमे! किती वाळलीस गं! पुण्यात खायला घालत न्हाईत का?”

“आणि तू किती फुगलीस,” मी म्हणाले. मग दोघी काही वेळ नुसत्याच हसत राहिलो.

मंगलचे घर शेतकऱ्याचे, गावाच्या कडेला आहे. घरात तिचे पती विठ्ठलराव, सून शोभा आणि कॉलेजात शिकणारी नात ऋतुजा. मुलगा नोकरीनिमित्त निजामाबादला असतो. शोभाने गरम धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखटमीठ, लसूण, कोथिंबीर घालून थापलेली भाकरी) आणि घट्ट दही वाढले. मी दुसऱ्या धपाट्याला नको म्हणताच ती म्हणाली, “बाई, शाळेत तुम्ही पोरांचं ऐकत होता का? मग मी कशाला ऐकू?” आणि तिसराही वाढला.

विठ्ठलरावांना पाहून मी चपापले होते. मुळात गोरा माणूस, पण चेहरा आणि हात तपकिरी, जवळजवळ जांभळट काळे झाले होते. मंगलच्या ते लक्षात आले.

“त्यांना कोड आलंय,” ती हळू म्हणाली. “नांदेडच्या डॉक्टरचं औषध चालू हाय. गुण हाय, पण बघ ना कसे करपल्यावानी झालेत.”

येथे वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत कोड म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग. त्यात त्वचेचा रंग जातो, पण स्पर्शाचे भान शाबूत राहते. ते लागट, म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारे, नव्हे. आता ज्या माणसाचा रंग जातो आहे, तो औषधाने काळवंडेल कसा? मी विठ्ठलरावांना गोळ्या दाखवायला सांगितल्या. त्यांनी कौतुकाने पाकीट आणले.

“महिन्याच्या पहिल्या गोळ्या लई कडक हायती बघा बाई. त्या दिवशी लघवी लालभडक. पहिल्यांदा मंगलीला म्हणलं, बीट घातलं का काय भाजीत!”

“आणि मी म्हणलं, बीट कुठं पिकतंय आपल्याकडं,” मंगल म्हणाली.

सगळे हसले. मला हसू आले नाही. महिन्यातून एकदा लघवी लाल करणारी गोळी, त्वचा काळवंडवणारी दुसरी गोळी, आणि गोळ्यांच्या पाकिटावर पाडलेले दिवसांचे कप्पे. कुष्ठरोगाचे हे बहुविध औषध मी अप्पांच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या पिशवीत पाहिले होते.

“विठ्ठलराव, हे कोड आहे असे डॉक्टर स्वतः म्हणाले?”

ते विचारात पडले. “डॉक्टर म्हणले, चामडीचा आजार हाय, बरा होतो, गोळी चुकवू नका. लई गर्दी हुती. बाहेर आल्यावर कंपाउंडरला धरलं. म्हणलं, भाऊ, नाव काय ह्या आजाराचं? तो म्हणला, ‘चाचा, कोढ है. डरो मत, बरोबर हो जाता.’ कोड म्हणल्यावर म्हणलं, चला, जिवावरचं न्हाई.”

कंपाउंडर दख्खनी बोलणारा. त्याच्या भाषेत कोढ म्हणजे कुष्ठरोग. ऐकणारा मराठी. त्याच्या भाषेत कोड म्हणजे पांढरे डाग. ढ आणि ड यांमधला फरक गर्दीत विरून गेला. कोणी खोटे बोलले नव्हते. दोन भाषा शेजारी राहतात तेथेच ही चूक घडू शकते. मी आयुष्यभर मुलांचे उच्चार दुरुस्त केले. एका अक्षरावर एवढे मोठे ओझे पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी शक्य तितक्या सावकाश सगळे समजावून सांगितले. विठ्ठलरावांचा चेहरा उतरला.

“म्हंजी म्हारोग?”

“कुष्ठरोग. औषधाने पूर्ण बरा होतो, आणि तुम्ही ते घेता आहात. तुमच्यापासून आता कोणालाही भय नाही.”

“डॉक्टर म्हणले हुते, घरच्यांना एकदा दाखवून न्या. म्हणलं, कोड काय लागट असतंय का, उगं सगळ्यांची वरात कशाला?”

एवढे बोलून ते उठले आणि आपले ताट उचलून गोठ्याकडे निघाले. मंगल त्यांच्यामागे गेली. बाहेरून तिचा आवाज ऐकू आला. “इतके दिवस माझ्या ताटात हात घालून लोणचं पळवलंत, तवा काय झालं न्हाई. आता म्हशीला सोबत करायला निघाले! चला आत.” ते आत आले, पण काही खाल्ले नाही.

इतका वेळ ऋतुजा दारात उभी होती. तिने कुडत्याची बाही वर केली.

“आजी, मग हे काय आहे?”

कोपराच्या खाली फिकट, किंचित तांबूस कडांचा चट्टा होता. त्यावर भाजल्यासारखा फोड. ‘घरात कोड उतरले’ असे समजून मंगल गुपचूप बावचीचे तेल (कोडावर लावायचे एक जुने औषध) तिच्या हाताला चोळत होती. बावची लावून उन्हात गेले की कातडी पोळते.

“हे पोळले तेव्हा दुखले नाही?” मी विचारले.

“नाही. फोड दिसला तेव्हाच कळलं.”

मी तिला अंगणात नेले. ऊन कलत होते, पण पुरेसे होते. डोळे मिटायला सांगून पेनाचे टोक टेकवले. मनगटावर टेकवताच तिचे बोट अचूक आले. चट्ट्यावर टेकवले तेव्हा ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. “लावलं का?” तिने विचारले. मग करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये बसच्या तिकिटाचा कागद घट्ट धरायला सांगितला. मी ओढताच तो अलगद निघून आला.

मी डॉक्टर नाही. परंतु कोपराजवळून जाणारी नस दुबळी झाली की करंगळी अशी कागद सोडते, आणि वेळीच औषध मिळाले नाही तर तीच करंगळी पुढे वाकून राहते, हे मी खेड्याखेड्यांत पाहिले होते. ऋतुजा शिवणकाम करते. लग्नासाठी स्वतःचे परकर-पोलके तिनेच शिवायला घेतले होते, कारण उदगीरचे एक स्थळ जवळपास ठरले होते.

लातूरला माझी एक विद्यार्थिनी, अनघा, त्वचारोगतज्ज्ञ आहे. दुसऱ्या सकाळी ऋतुजाला घेऊन मी तिकडे निघाले. मंगल आणि शोभा यांनीही यावे, असा आग्रह धरून पाहिला. शोभा म्हशीचे दूध काढता काढता म्हणाली, “मला काय झालंय? धडधाकट हाय मी. पोरीचं तेवढं बघा.”

उदगीरच्या अलीकडे एसटीचे चाक पंक्चर झाले. वाहक खाली उतरून प्रवाशांना म्हणाला, “ज्याला घाई हाय त्यानं ढकलत न्यावी.” सगळे एका कडुलिंबाच्या सावलीत बसलो. बालाघाटच्या पठाराचा हा भाग उघडाबोडका, पण मोकळा. लांबवर कोणाच्या तरी शेतात हुरडा (ज्वारीची कोवळी भाजलेली कणसे) भाजत होते आणि वास आमच्यापर्यंत येत होता. अशाच सावल्यांत अप्पा सायकल टेकवून मला पाढे विचारीत. मी ते ऋतुजाला सांगितले. ती तिकिटाचा कागद करंगळीत धरून पाहत होती. मग एकाएकी म्हणाली, “आजी, कोड असतं तरी हे लग्न मोडलंच असतं. मोडायला हे काय आणि ते काय, सारखंच.”

“सारखे नाही.”

“हाव, सारखं न्हाई. कोड असतं तर जन्मभर लपवावं लागलं असतं. हे बरं तरी होतं.” आणि मग, खालच्या आवाजात, “पण हात राहील ना?”

मी तिला खोटे आश्वासन दिले नाही. “लवकर निघालो आहोत,” इतकेच म्हणाले.

लातूर बदलले आहे. शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी चौक भरले आहेत. माझी शाळा मात्र रिक्षातूनच पाहिली. फाटक बंद होते, आवारातील गुलमोहर जाड झाला होता. थांबावेसे वाटले, पण ऋतुजा शेजारी बसली होती.

अनघाच्या दवाखान्यात गर्दी होती. आम्हाला पाहताच ती उठली. “बाई! बसा. मी अजूनही र्‍हस्व-दीर्घ चुकते, आधीच सांगते.” ऋतुजाचा हात तिने बराच वेळ पाहिला. कोपराची नस बोटांनी चाचपली, सुई-कापूस लावून पाहिला.

“कुष्ठरोगच आहे,” ती ऋतुजाकडे पाहून म्हणाली. “पूर्ण बरा होणारा. नसेला सूज आहे, त्यासाठी वेगळ्या गोळ्या देते. अशक्तपणा नवा आहे, म्हणून आशा चांगली आहे. बाहुलीसारखा जपायचा हा हात. आणि ते तेल गटारात ओता.”

मग मी तिला विचारले, “अनघा, हिची सरकारदरबारी नोंद होईल ना?”

ती खुर्चीत मागे टेकली. “बाई, खरं सांगू? कळवायचं बंधन आता आलंय. मी कळवते, पण सगळेच कळवतात असं नाही. नाव घेतलं की पेशंट हात जोडतो. म्हणतो, डॉक्टर, घरी कुणी यायला नको. फार आग्रह धरला तर पुढच्या खेपेला तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं, दुसऱ्या डॉक्टरकडे. औषध अर्धं राहतं. मग आम्हीही घाबरतो. बरा होऊ दे बापडा, म्हणून गप्प बसतो.”

“तो बरा होईल. त्याच्या घरच्यांचे काय?”

“तेच ना. आजोबांची नोंद झाली असती तर आरोग्यसेविका घरी गेली असती. सगळ्यांना पाहिलं असतं. ज्यांना काही नाही त्यांना प्रतिबंधाचा एक डोस मिळाला असता. हिचा चट्टा हाताच्या नसेपर्यंत पोचण्याआधी सापडला असता, कदाचित.”

हजेरीत ज्याचे नाव नाही, तो वर्गात कितीही मन लावून बसला तरी शाळेच्या दृष्टीने तेथे नसतो. असे कितीजण या गल्ल्यांतून बरे होऊन किंवा अर्धवट राहून परत जात असतील, हे अनघाला सांगता येत नव्हते, आणि मला तर्क करायचा नव्हता.

अनघाने ऋतुजाला विचारले, “नाव आणि गाव काय लिहू? तू सांगशील तेच.”

माझ्या मनात पुष्कळ वाक्ये तयार होती. मी एकही बोलले नाही. ऋतुजाने पिशवीतून मोबाइल काढला आणि घरी लावला. फोन विठ्ठलरावांनी उचलला, त्यांचा मोठा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

“आबा, माझं खरं नाव सांगू का हितं? मग आपल्या घरी तपासायला येतील. गल्ली बघंल.”

पलीकडे बराच वेळ म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

“उदगीरवाले?” विठ्ठलरावांनी विचारले.

“त्यांना मी सांगते. मीच सांगते.”

“मग माझंबी नाव सांग,” ते म्हणाले. “पुरं सांग. बापाच्या नावासकट. न्हाईतर ह्या देगलुरात चार विठ्ठल हायती, उगं दुसऱ्याच्या घरी जातील.”

अनघा हसली. ऋतुजाही हसली आणि तिने दोघांची नावे, गाव, गल्ली सगळे स्पष्ट सांगितले. मी शिक्षिका म्हणून असंख्य मुलांचे नाव-गाव ऐकले आहे. इतक्या सावकाश, एकेक अक्षर तोलून, कोणी सांगितलेले आठवत नाही.

संध्याकाळी तिला मी उदगीरमार्गे देगलूरला जाणाऱ्या गाडीत बसवले आणि स्वतः पुण्याच्या गाडीत बसले. खिडकीतून मराठवाडा मागे सरकू लागला. अप्पांचा काळ परत यावा, असे मी म्हणणार नाही. तेव्हा औषधे दुबळी होती आणि भीती आजच्यापेक्षा मोठी होती. परंतु त्या काळी आजाराच्या शोधात कोणीतरी दार वाजवत असे. आज दार वाजायचे असेल तर आधी आपला पत्ता स्वतःच सांगावा लागतो, आणि तो सांगणे किती जड आहे हे मी अनघाच्या टेबलापाशी पाहिले.

काही दिवसांनी पुण्यात ऋतुजाचा फोन आला. उदगीरचे लोक विचार करून कळवतो म्हणाले होते आणि नंतर त्यांनी कळवले नव्हते. करंगळीत अजून तितकेसे बळ नव्हते, गोळ्या चालू होत्या. मग ती म्हणाली, “आजी, आशाताई आणि सिस्टर येऊन गेल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. आबांनी त्यांनाच बोलावलं, म्हणले, बघता कशाला, या, तुमचंबी बघून घ्या. त्या पळाल्या.”

“आणि घरच्यांचे?”

“आज्जीला काही न्हाई. तिला डोस दिला. आईच्या पाठीवर चट्टा सापडला. मधोमध. लहान हाय, लवकर सापडला म्हणले.”

 पलीकडे शोभा जवळच असावी, कारण ऋतुजा हसून म्हणाली, “थांबा, आई काय म्हणतीय ते सांगते. आई म्हणतीय, बाईंना सांग, लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी पाठ आज पहिल्यांदा कुणीतरी बघितली.”